दंड मोडला, मनगट लोंबतंय: वाट कुठवर पाहायची?

विचारणा जळगाव जिल्ह्यातल्या रावेरकडून आलेली आहे. धाकटा भाऊ, वय ३१, मोटारसायकलवरून पडला आणि उजव्या दंडाचं हाड मधोमध मोडलं. तिसऱ्या दिवशी प्लेट बसवली. आज दहा आठवडे झाले. हाड जुळत आलंय, पण मनगट वर उचलत नाही, बोटं मुळापासून सरळ होत नाहीत. डॉक्टर म्हणतात, थांबा. गावातले म्हणतात, नस कटली, हात लुया पडना, म्हणजे लुळा पडला. ताकदीची इंजेक्शनं आणि करंटचा शेक चालू आहे. नस पुन्हा जुळते का, किती दिवस लागतात, ऑपरेशन लागेल का?

भाऊ, 'थांबा' हे उत्तर चुकीचं नाही, अपुरं आहे. कोणत्या तारखेपर्यंत थांबायचं आणि तोवर काय बघायचं, हे त्यासोबत सांगायला हवं. नसेची वाढ टेपने मोजता येते. हिशोब कळला की गावातल्या बोलण्याचा त्रास निम्मा कमी होतो.

आधी 'नस' या शब्दाचा घोळ. आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टींना नस म्हणतात. हातावर निळी दिसते ती रक्ताची शीर. मूठ आवळली की मनगटावर दोरीसारखी वर येते ती स्नायूची दोरी. आणि पांढरट, मऊ, आतून बारीक धाग्यांची जुडी असलेली असते ती खरी नस, जिच्यातून मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत जातो आणि स्पर्शाची खबर परत येते. तुमच्या भावाच्या बाबतीत ही तिसरी, तिचं नाव रेडियल. काखेतून निघाल्यावर ती दंडाच्या हाडाला मागून पीळ घालून बाहेरच्या बाजूला येते, आणि त्या वळणावर अगदी हाडाला लागून असते. म्हणून दंडाचं हाड मधोमध किंवा त्याच्या थोडं खाली मोडलं की शंभरातल्या साधारण बारा जणांची ही नस बंद पडते. नस बंद पडलेल्या अशा शंभरातले सत्तरहून अधिक जण नसेला कोणी हात न लावता सुधारतात. 'नस कटली' म्हणणाऱ्यांना हा आकडा सांगा.

कोपर सरळ करण्याची ताकद त्याच्यात शाबूत असेल, कारण त्या स्नायूच्या फांद्या मोडलेल्या जागेच्या वरूनच फुटतात. बोटं आवळताही येत असतील, पण पकड ढिली वाटत असेल. दुसऱ्या हाताने त्याचं मनगट वर धरा आणि मग मूठ आवळायला सांगा, पकड लगेच घट्ट होईल. म्हणजे मुठीचे स्नायू ठीक आहेत, मनगटाचा टेकू तेवढा गेलाय. बधिरपणाही फक्त हाताच्या पाठीवर, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात असतो. वस्तू ओळखायचा तळवा आणि बोटांची टोकं सुटलेली असतात, ही त्यातल्या त्यात नशिबाची गोष्ट.

नसेला मार किती लागलाय याच्या तीन पायऱ्या सेडन या इंग्रज सर्जननी १९४३ साली मांडल्या, आणि आजही रोजच्या कामात त्याच वापरल्या जातात. पहिली पायरी: धागे अखंड, त्यांच्यावरचं वेष्टण तेवढं चेपलेलं. हात उशाला घेऊन दारूच्या झोपेत पडून राहिल्यावर सकाळी मनगट लोंबतं, ते बहुतेकदा यातलं. काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत ते परत येतं. दुसरी पायरी: आतले धागे तुटले, पण ज्या नळ्यांतून ते जातात त्या नळ्या जागेवर आहेत. तिसरी: नस आरपार तुटली, किंवा आत एवढा व्रण झाला की वाटच बंद. ती आपोआप जुळत नाही. सुंदरलँड या ऑस्ट्रेलियन शरीरशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये या तीनच्या पाच पायऱ्या केल्या, कारण नळी जागेवर असूनही आत व्रण धरला तर धागा अडतो. म्हणूनच दोन माणसांचा एक्स-रे सारखा दिसतो, पण एकाचा हात सुधारतो आणि दुसऱ्याचा नाही.

पहिल्या दिवशी तिन्ही पायऱ्या अगदी सारख्या दिसतात. मनगट तिन्हीत लोंबतं.

धागा तुटला की तुटलेल्या जागेच्या खालचा भाग मरतो. वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञांनी हे १८५० मध्येच दाखवलं. पण तो लगेच मरत नाही. स्नायूकडे जाणारे धागे तुटल्यावरही तीन ते पाच दिवस करंट वाहतात, स्पर्शाचे त्याहून थोडे जास्त, आठ-दहा दिवसांपर्यंत. त्यामुळे पहिल्या आठवड्यात केलेला नसेचा तपास पूर्ण तुटलेल्या नसेलाही 'चांगली' म्हणू शकतो. सुईने स्नायूचा जो तपास करतात, ईएमजी, त्यातली खूणही दोन-तीन आठवड्यांनीच दिसते. अपघातानंतर आठवड्याच्या आत ईएमजी केली असेल तर त्या कागदावर विसंबू नका. पहिली खरी तपासणी तीन ते चार आठवड्यांनी, दुसरी तिसरा महिना भरताना. तुमची दुसरीची वेळ जवळ आली आहे.

आता वाढीचा हिशोब. केळीचं खोड कापलं की दुसऱ्या दिवशी मधला पोंगा कापाच्या वर आलेला दिसतो, हे तुम्ही रोज पाहता. नसेचंही तसंच, वरच्या जिवंत टोकातून नवा कोंब फुटतो आणि जुन्या नळीतून खाली सरकतो. फरक वेगाचा. पोंगा रात्रीतून बोटभर येतो, नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला सव्वा इंच धरा. शिवाय सुरुवातीचा एखादा महिना मेलेला भाग साफ करण्यात आणि जखमेची जागा ओलांडण्यात जातो, त्यात पुढे सरकणं जवळपास नसतंच.

टेप घ्या आणि मोडलेल्या जागेपासून मोजा. कोपराच्या वर, बाहेरच्या बाजूने जो स्नायू कोपर वाकवायला मदत करतो तो या नसेचा खालचा पहिला मुक्काम. दंड मधोमध मोडला असेल तर हे अंतर साधारण ९ ते १० सेंटिमीटर. सुरुवातीचा एक महिना आणि प्रवासाचे तीन, म्हणजे चौथ्या महिन्याच्या आसपास. त्याच्या लगेच पुढे मनगट उचलणारा स्नायू. बोटं सरळ करणारे स्नायू कोपराच्या खाली, त्यांना सहा-सात महिने. अंगठा मागे उचलणारा आणि तर्जनी एकटी सरळ करणारा सगळ्यात शेवटी, आठव्या-नवव्या महिन्यात. दहा आठवड्यांत हालचाल नाही, म्हणजे पहिल्या पायरीची शक्यता कमी होत चालली आहे, एवढंच. दुसऱ्या पायरीचा माणूस या घडीला मनगट आणि बोटं जराही उचलू शकत नाही, आणि तरीही तो वेळापत्रकावर असतो.

मग बघायचं काय? मनगटाकडे डोळे लावून बसू नका, त्याच्या आधीचा स्नायू बघा. भावाला कोपर काटकोनात वाकवून अंगठा वर, शेकहँडला हात पुढे करावा तसा धरायला सांगा. तुम्ही मनगट खाली दाबा, त्याने वर रेटावं. कोपराच्या खाली बाहेरच्या बाजूला, हाताच्या कडेवर एक पट्टी टणक होते का ते दुसऱ्या हाताच्या बोटांनी चाचपा. चांगल्या हातावर आधी करून घ्या म्हणजे काय शोधायचं ते कळेल. तिथे थोडीशी जरी ताठरता आली तरी नस जखमेच्या पलीकडे पोहोचली.

मनगट तपासायचं ते टेबलावर. हात पालथा ठेवून पंजा कडेबाहेर सोडायचा, मूठ आवळायची आणि मग मनगट उचलून पाहायचं. जमत नसेल तर हात कडेवर, अंगठा वर ठेवून, गुरुत्वाकर्षण वजा करून पाहायचं, कारण ताकद आधी तिथे दिसते. एक फसगत इथे नेहमी होते. मनगट आणखी खाली वाकवलं की दोऱ्या ताणून बोटं आपोआप उघडतात, आणि घरचे आनंदतात. ती सुधारणा नव्हे. बोटांच्या टोकाकडची पेरं सरळ होत असतील तरी फसू नका, ते काम तळहातातले स्नायू करतात आणि त्यांची नस वेगळी. पंजाला लागून असलेले बोटांचे मूळ सांधे सरळ होतात का ते बघायचं.

दुसरी खूण टिचकीची. १९१५ मध्ये हॉफमन आणि टिनेल या दोन डॉक्टरांनी वेगवेगळी मांडलेली. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूने सुरू करून बोटाने हलकं टकटक करत वर कोपराकडे आणि दंडाकडे जा, नेहमी खालून वर. जिथे पहिल्यांदा हाताच्या पाठीकडे झिणझिण्या धावतात तिथे पेनाने खूण करा, कोपराच्या घडीपासूनचं अंतर तारखेसह वहीत लिहा. दर महिन्याला एकदाच करा, रोज करून काही कळत नाही. ती जागा महिन्याला अडीच-तीन सेंटिमीटर खाली सरकली तर धागे वाढतायत. दोन महिने एकाच जागी रुतून राहिली तर वाट अडली आहे. ही खूण स्पर्शाच्या धाग्यांची असते, त्यामुळे ती सरकली म्हणून स्नायू येईलच अशी हमी नाही. पण ती अडकली असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं.

या सगळ्याआधी मात्र दोन गोष्टींचा छडा लावा, कारण उत्तर त्यावर फिरतं. एक, मनगट अपघातानंतर लगेच लोंबत होतं, की प्लेट बसवल्यानंतर? पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर हे लिहिलेलं असतं, निदान असायला हवं. दोन, ऑपरेशन करताना नस डोळ्यांनी पाहिली का, आणि कशी होती? डिस्चार्ज कार्डावर हे बहुधा नसतं. ऑपरेशन नोट मागा, तो तुमचा हक्क आहे. 'नस अखंड, चेपलेली' असं लिहिलं असेल तर निश्चिंत मनाने चौथ्या महिन्यापर्यंत थांबा. 'नस पाहिली नाही' असेल, किंवा हात ऑपरेशननंतर पडला असेल, तर आताच सोनोग्राफी करून घ्या. चांगल्या मशीनवर, नसा पाहायचा सराव असलेल्या डॉक्टरांकडे, नस प्लेटखाली दाबली आहे का, तुटली आहे का, टोकाला गाठ धरली आहे का, हे दिसतं. प्लेट असताना एमआरआयमध्ये धातूची सावली येऊन नेमकी तीच जागा झाकली जाते, म्हणून इथे सोनोग्राफीच उपयोगाची.

आता मुदत. स्नायूला नस मिळाली नाही तर तो वाळत जातो, आणि साधारण १२ ते १८ महिन्यांनी नस आली तरी तो तिला घेत नाही. हा आकडा मघाच्या अंतरासोबत मांडा. समजा नस तुटलेली आहे आणि पाचव्या महिन्यात जोडली. पहिल्या स्नायूला पोहोचायला पुढे चार महिने, म्हणजे अपघातापासून नववा. अंगठ्याला आठ-नऊ, म्हणजे तेरावा-चौदावा. जेमतेम बसतं. तेच ऑपरेशन दहाव्या महिन्यात केलं तर मनगट कदाचित येईल, अंगठा बहुतेक येणार नाही. म्हणून अपघातापासून चार महिने झाले, स्नायूत टणकपणा नाही, टिचकीची खूण सरकलेली नाही आणि दुसऱ्या ईएमजीत नव्या जोडणीची खूण नाही, तर नस उघडून पाहायची. काही सर्जन सहा महिन्यांपर्यंत थांबतात. माझं मत चार ते पाचच्या बाजूचं आहे. सहाव्या महिन्यात 'अजून बघू' ऐकायला मिळालं तर तिथून उठून दुसऱ्या सर्जनकडे जा.

उघडल्यावर नस व्रणात अडकलेली असेल तर मोकळी करतात. तुटलेली असेल तर दोन्ही टोकं निरोगी धागे दिसेपर्यंत मागे कापतात, आणि त्यातच अंतर पडतं. ताणून जोडलेली नस जगत नाही, ताणाने तिचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून पायाच्या पोटरीमागची सुरल नावाची नस काढून तिचे तुकडे पुलासारखे बसवतात. एका पायातून ३० सेंटिमीटरहून अधिक मिळते, बदल्यात पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा राहतो. टाके केसाहून बारीक, ८-० ते १०-० नंबरच्या नायलॉनचे, सूक्ष्मदर्शकाखाली. हे काम हाताची शस्त्रक्रिया किंवा प्लास्टिक सर्जरी करणाऱ्यांचं. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवून पुढे कुठे जायचं ते विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारायचं, नंतर नाही.

आणि वेळ निघून गेली तर? रेडियलच्या बाबतीत तरीही हात वाया जात नाही. कोपराखाली तळव्याकडच्या बाजूला चांगले स्नायू भरपूर असतात, त्यातल्या तिघांच्या दोऱ्या फिरवून पाठीमागच्या दोऱ्यांना जोडतात: एक मनगटाला, एक बोटांना, एक अंगठ्याला. साधारण चार आठवडे प्लास्टर, मग नव्या कामाची सवय, जड काम तीन महिन्यांनी. कुष्ठरोगाने वाकलेल्या हातांसाठी पॉल ब्रँड या सर्जननी वेल्लोरला दोऱ्या फिरवण्याचं असंच काम रुजवलं. पकड आणि मनगटाची उचल भरवशाने येते. प्रत्येक बोट वेगळं हलवण्याची नजाकत तेवढी येत नाही.

या काळात सगळ्यात मोठं नुकसान नसेचं होत नाही, सांध्यांचं होतं. नस नवव्या महिन्यात पोहोचली आणि बोटांचे सांधे आखडलेले असले तर ती काय हलवणार? मनगटाचा टेकू, ज्याला दुकानात कॉक-अप स्प्लिंट म्हणतात, तो मनगट ३० अंशांच्या आसपास वर धरणारा हवा आणि तळहातावरची आडवी रेघ ओलांडणारा नको, नाहीतर बोटं मुळात वाकत नाहीत. दिवसा कामाला लावा, रात्रीही ठेवा. दिवसातून चार वेळा काढून दुसऱ्या हाताने खांद्यापासून अंगठ्यापर्यंत प्रत्येक सांधा पूर्ण वाकवायचा आणि पूर्ण सरळ करायचा, प्रत्येकी दहा वेळा. खांदा विसरू नका, झोळीत ठेवलेला हात खांद्यालाच आधी धरतो. आपल्याकडे मे महिन्यात घामाने टेकूखालची कातडी सोलते, आत सुती मोजा घाला आणि काढल्यावर लाल डाग वीस मिनिटांत गेला नाही तर त्या जागी टेकू दाबतोय असं समजा.

करंटच्या शेकाबद्दल. फिजिओथेरपीत दोन प्रकारचे करंट वापरतात. फॅरेडिकचे झटके फार छोटे असतात, नस नसलेला स्नायू त्यांना उत्तरच देत नाही. लांब झटक्यांच्या गॅल्व्हॅनिकने तो आकसतो. पहिल्या प्रकाराने बोटं हलत असतील तर शेजारचे चांगले स्नायू उडतायत. दुसऱ्यानेही नस लवकर येते असा भरवशाचा पुरावा नाही, स्नायू थोडा टिकत असेल एवढंच. रोज मोटारसायकलने वीस किलोमीटर जाऊन हा शेक घेण्यापेक्षा घरी चार वेळा सांधे फिरवणं मोलाचं. इंजेक्शनांचंही तेच. बी-१२ कमी असेल तर ते द्यायलाच हवं, आणि शुद्ध शाकाहारी घरांत ते कमी सापडतंही, पण रक्तात पातळी ठीक असताना महिनोन्‌महिने टोचून नस धावत नाही. मिश्र गोळ्यांतलं बी-६ जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर तेच नसा बिघडवतं. साखर असेल तर ती आटोक्यात आणा, विडी-सिगारेट आणि गुटखा बंद करा. रक्ताच्या बारीक शिरा आवळल्या तर वाढणाऱ्या कोंबाला खाऊ कोण घालणार?

तुमच्या प्रश्नापलीकडचं, पण आपल्या भागात नेहमी लागतं म्हणून. कोयत्याचा किंवा काचेचा वार मनगटावर बसला तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरा. हळद, चुना, रॉकेल काही नको, तारेने आवळणं तर नकोच. आणि दवाखान्यात बधिर करण्याचं इंजेक्शन देण्याआधी प्रत्येक बोटाच्या टोकाला स्पर्श कळतो का, बोटं फाकवता येतात का, अंगठा करंगळीला टेकतो का, एवढं पाहून लिहून घ्यायला सांगा. हे न पाहता वरची कातडी शिवली की आतली नस तुटलेलीच राहते. धारदार वाराची नस पहिल्या काही दिवसांत थेट जोडता येते, महिन्याने टोकं मागे सरकलेली असतात आणि तुकडा बसवावा लागतो. इथे वाट पाहण्याचा नियम लागूच होत नाही. कडबाकुट्टीत किंवा थ्रेशरमध्ये चिरडलेल्या हाताचं वेगळं: मेलेला भाग कुठवर आहे हे कळायला साधारण तीन आठवडे जातात, म्हणून तिथे नस थोडी उशिरा जोडणं शहाणपणाचं असतं.

मनगटावर तुटलेल्या मीडियन (तळव्याच्या अंगठ्याकडची) आणि अल्नर (करंगळीकडची) या नसा रेडियलपेक्षा हट्टी. त्यांना बोटांच्या टोकांचा स्पर्शही परत आणायचा असतो, आणि धागे वाट चुकतात: स्पर्शाचा धागा स्नायूच्या नळीत शिरला की दोन्ही वाया. अल्नर कोपराच्या वर तुटली तर तळहातातले बारीक स्नायू तिथून एवढे दूर असतात की मोठ्या माणसात मघाचं वेळापत्रक बसतच नाही. म्हणून मनगटाजवळच्या दुसऱ्या नसेची फांदी तिला जोडून देतात. या दोन नसा गेलेल्या हाताला चटका कळत नाही. भरताची वांगी पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या काड्यांवर, भाजताना, गरम चहाचा ग्लास धरताना, उन्हात तापलेल्या गाडीला हात लावताना आधी चांगला हात लावायचा. स्पर्श परत यायला लागला की डोळे मिटून दादर (रब्बी ज्वारी), हरभरा, तांदूळ आणि वाळू बोटांनी ओळखण्याचा सराव रोज तीन वेळा पाच-पाच मिनिटं. मेंदूला नव्या धाग्यांची भाषा शिकावी लागते.

हाडवैदाकडच्या बांबूच्या कामट्या किंवा घट्ट प्लास्टर बांधल्यावर दुखणं औषधाने न थांबता वाढत गेलं आणि बोटं सरळ करताना जीव जातो अशी कळ आली तर रात्र काढू नका. आतला दाब वाढून स्नायू आणि नसा दोन्ही मरतात, आणि हातात सहा-एक तासच असतात. बांधलेलं आधी पूर्ण सोडा, मग गाडी काढा. आणि मार न लागता हात कमजोर झाला, कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड लागली किंवा अंगावर कुठे फिकट बधिर चट्टा असला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. आपल्या जिल्ह्यांतून तो गेलेला नाही, औषधं मोफत आहेत, आणि नस पडून सहा महिने व्हायच्या आत स्टेरॉइडचा कोर्स सुरू झाला तर ती पुष्कळदा वाचते.

तुमच्या भावासाठी पुढच्या भेटीला एवढं बरोबर न्या: पहिल्या दिवसाचा केसपेपर, ऑपरेशन नोट, प्लेटआधीचा आणि नंतरचा एक्स-रे, दोन्ही ईएमजी तारखांसह, आणि टिचकीच्या खुणांची वही. डॉक्टरांना विचारायचं ते असं: 'चौथा महिना भरला त्या दिवशी काय दिसलं तर थांबायचं, आणि काय नाही दिसलं तर उघडायचं?' उत्तर कागदावर लिहून घ्या. आणि भावाला हाताच्या पाठीवर जळजळ, मुंग्या, केस ओढल्यासारखं वाटू लागलं तर घाबरू नका, वहीत तारीख टाका. बहुधा कोंब तिथवर येऊन पोहोचलाय.